पऱ्हाटी, धुराडे आणि आपला हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी माझी ओळख 'शास्त्रज्ञ' म्हणून करून दिली. तेवढे खरे नाही. मी रासायनिक अभियांत्रिकी शिकलो आणि उमर घालवली ती कारखान्यांच्या बॉयलरजवळ. जळण आत जाते कसे, धूर बाहेर येतो कसा आणि मधल्या मध्ये पैसा कुठे जातो, हे पाहण्याचा माझा धंदा. घरची शेती कोरडवाहू. अकरा एकर, अर्ध्यात कापूस, अर्ध्यात ज्वारी, धुऱ्यावर तूर. म्हणून आज जे बोलणार ते बॉयलरच्या बाजूने आणि वावराच्या बाजूने, दोन्हीकडून बोलणार.

विषय दिला आहे 'स्वच्छ इंधन आणि कारखान्यांचा धूर'. ऐकायला हा विषय दिल्ली-मुंबईचा वाटतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या गावाच्या टेकडीवर संध्याकाळी उभे राहा. चहूकडे धुऱ्यांवर पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले दिसतील. तिकडे क्षितिजावर वीज केंद्राचे धुराडे. दोन्ही धूर एकाच आभाळात जातात. फरक इतकाच, की तिकडे जळते त्याचे टनामागे पैसे मोजलेले असतात आणि इकडे जळते ते फुकट.

आधी धूर म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. धूर म्हणजे न जळलेले जळण. मायबहिणींना हे शिकवायला नको. ओली काडी चुलीत घातली की डोळे चुरचुरतात आणि भाकरी मात्र होत नाही. लाकूड तापले की त्यातून वायू निघतो, त्या वायूला पुरेशी हवा आणि पुरेशी आच मिळाली तर ज्योत होते, नाही मिळाली तर तोच वायू धूर होऊन जातो. उघड्यावरचा ढीग पेटवला की मधोमध हवा पोचत नाही. कार्बन मोनॉक्साइड, काजळी, डांबरासारखे पदार्थ हे सगळे तिथून निघते. तीच पऱ्हाटी बारीक करून, वाळवून, बंद भट्टीत मोजून हवा देऊन जाळली तर डोळ्याला दिसेल असा धूर जवळजवळ निघत नाही.

आता कोळसा. आपल्याकडच्या वीज केंद्रांत येणाऱ्या देशी कोळशात शंभर किलोमागे पस्तीस-चाळीस किलो राख असते. म्हणजे रेल्वेच्या वॅगनीत निम्म्याला थोडी कमी मातीच वाहून आणतात म्हणा. शिवाय थोडे गंधक असते. अर्धा टक्का धरू. एक किलो गंधक जळले की दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो, कारण तेवढ्याच वजनाचा प्राणवायू त्याला चिकटतो.

आपण हिशेबाची माणसे आहोत, म्हणून एका संचाचा हिशेब मांडू. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर सव्वा कोटीला थोडी कमी, म्हणजे १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा. म्हणजे दिवसाला ढोबळ आठ हजार टन. त्यातून राख तीन हजार टनांच्या वर, आणि अर्धा टक्का गंधक धरले तर सल्फर डायऑक्साइड ८० टन. हे एका संचाचे, एका दिवसाचे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. गुणाकार तुम्ही करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर वरच्या नंबरात होते ते उगाच नाही. फुटलेल्या बोंडावर राख बसली की जिनिंगवाला कापसाकडे कसा पाहतो, हे केंद्राच्या आसपासच्या गावांना विचारा.

हा वायू अडवता येत नाही का? येतो. त्याची विद्या जुनी आहे आणि अगदी साधी आहे. चुनखडी दळून पाण्यात कालवायची आणि धुराड्याकडे जाणाऱ्या धुरावर तिचा फवारा मारायचा. गंधकाचा वायू चुनखडीत अडकतो, वरून हवा दिली की त्याचा जिप्सम होतो. शंभरातला नव्वद-पंच्याण्णव भाग वायू अडतो. ८० टन वायूला सव्वाशे टन चुनखडी लागते आणि सव्वादोनशे टनांच्या आसपास जिप्सम निघतो. जिप्सम म्हणजे आपण चोपण जमिनीत टाकतो तोच. धुराड्यातून निघालेला असेल तर टाकण्याआधी त्यात जड धातू किती आहेत याची तपासणी मागून घ्यायची, एवढे लक्षात ठेवा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये नियम काढला की कोळशाच्या वीज केंद्रांनी दोन वर्षांत ही मर्यादा पाळावी. दोन वर्षांची मुदत वाढली, परत वाढली, परत परत वाढली. आपले पीककर्ज एक महिना थकले तर सोसायटीचा सचिव दारात येतो. तिकडे दहा वर्षे गेली. आणि जुलै २०२५ मध्ये नवा आदेश निघाला, की बहुसंख्य केंद्रांना ही यंत्रणा बसवण्याची गरजच नाही. दिल्ली परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेल्यांनी ती बसवावी, आणि अतिप्रदूषित भागातल्यांचे प्रकरणागणिक पाहू. म्हणजे फुप्फुसाची किंमत लोकसंख्येवर ठरली. बाजूने सांगितले जाते की आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि यंत्रणेचा खर्च विजेच्या बिलात येईल. खर्च येतो हे खरे आहे, मी नाकारत नाही. पण कमी गंधक आठ हजार टनांनी गुणले की किती होते ते आत्ताच आपण पाहिले.

हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. डहाणूला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथे चिकूच्या बागा. बागायतदार आणि रहिवासी वर्षानुवर्षे कोर्टात लढले. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून १९९६ मध्ये डहाणूसाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक अडवण्याची यंत्रणा बसवण्याचा हुकूम दिला. यंत्रणा उभी राहिली २००७ मध्ये. तिथे चुनखडीऐवजी समुद्राचे पाणी वापरतात, कारण ते मुळात खारे-अल्कधर्मी असते आणि केंद्राच्या दारात आहे. आठ वर्षे लागली, पण यंत्रणा बसली.

आता पऱ्हाटीकडे येतो, कारण तुम्ही त्यासाठी बसला आहात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने धोरण काढले की कोळशाच्या केंद्रांनी कोळशात पाच टक्के शेतातला काडीकचरा मिसळावा. पुढे मुदती आणि टक्के बदलले, पण दिशा तीच राहिली. हे धोरण मुळात पंजाब-हरियाणाच्या धानाच्या काडापायी निघाले. दिल्लीच्या नाकात धूर गेला म्हणून. पण जळणाच्या दृष्टीने पाहिले तर धानाच्या काडापेक्षा पऱ्हाटी उजवी आहे. धानाच्या काडात राख पंधरा-वीस टक्के, त्यात वाळूसारखी सिलिका. पऱ्हाटीत राख तीन ते पाच टक्के. ती गवत नाही, लाकूडच आहे. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता आपल्या देशी कोळशाच्या तोडीस तोड, आणि गंधक कोळशाच्या मानाने फारच थोडे.

पाच टक्के म्हणजे किती? त्या एका संचाला दिवसाला ४०० टन. एकरी आठ क्विंटल वाळलेली पऱ्हाटी धरा. ४०० टनांना ५०० एकर लागतात. रोज! वर्षाचे ३०० दिवस धरले तर दीड लाख एकर, आणि तेही एका संचाला. चंद्रपूरच्या पूर्ण केंद्राला साडेआठ-नऊ लाख एकरांची पऱ्हाटी लागेल. महाराष्ट्रात कापूस साधारण चाळीस लाख हेक्टर, म्हणजे एक कोटी एकर. तेव्हा माल आपल्याकडे भरपूर आहे आणि गिऱ्हाईकही मोठे आहे. असे असून ढीग धुऱ्यावर का जळतात? त्याची कारणे तीन, आणि तिन्ही यंत्रशास्त्रातली आहेत, नुसती सरकारी नाहीत.

पहिले, पऱ्हाटी फुगीर आहे. ट्रॉली शिगोशीग भरा, वजनकाट्यावर चढवा, तुमचेच हसू येईल. डिझेल वाहतुकीतच जाते. म्हणून ती वावराजवळच बारीक करावी लागते आणि दाबून तिचा पांढरा कोळसा किंवा बोटाएवढ्या गोळ्या कराव्या लागतात. मुंबईच्या माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९२४ सालची, सिरकॉट म्हणतात तिला. तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, गोळ्या, पांढरा कोळसा या सगळ्यावर काम केले आहे. नागपूरलाही तिचे केंद्र आहे. जाऊन पाहावे असे आहे.

दुसरे, पऱ्हाटी चिवट आहे. वीज केंद्रात कोळशाची अगदी पिठासारखी भुकटी करून ती भट्टीत फुंकतात. त्या चक्कीत पऱ्हाटी दळली जात नाही, तंतू निघतात आणि चक्की चोंदते. यावर संशोधकांनी तोड काढली ती आपल्या घरातलीच आहे: भाजणे. हवा लागू न देता अडीचशे ते तीनशे अंशांवर भाजली की पऱ्हाटीतले पाणी आणि थोडा वायू जातो, वजन सत्तर टक्क्यांवर येते, पण उष्णता नव्वद टक्के टिकते. आणि मुख्य म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्यासारखी ती ठिसूळ होते, चक्कीत सरळ दळली जाते, पावसात भिजून फुगत नाही. फक्त भाजण्याचा खर्च वाढतो.

तिसरे कारण मी स्वतः भोगले आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी नोकरीला होतो. नाव सांगत नाही. मालकाला कोणीतरी सांगितले, पऱ्हाटी स्वस्त पडते, कोळसा बंद करा. मी अभ्यास न करता मान हलवली. दहाव्या दिवशी बॉयलरची जाळी बसली. उघडून पाहिले तर आत विटभट्टीत होतो तसा खंगर. छिन्नी-हातोड्याने फोडावा लागला. पऱ्हाटीत पोटॅश असते. ते राखेला मऊ करते, मऊ राख नळ्यांना चिकटते, वर मुळाला चिकटून आलेली माती वितळते. दोष पऱ्हाटीचा नव्हता, माझा होता. ज्या भट्टीसाठी जे जळण, तेच घालावे लागते. पाच-दहा टक्के मिसळले तर कोळशाच्या भरमसाठ राखेत ते पोटॅश पचून जाते. शंभर टक्के घालायचे तर भट्टीच वेगळी बांधावी लागते.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण काही लोक पाच टक्क्यांचा गाजावाजा करतात. पाच टक्के पऱ्हाटी घातली की धुराड्यातले गंधक पाच टक्क्यांच्या आतबाहेरच कमी होते. उरलेल्यासाठी चुनखडीचा फवाराच हवा. 'आम्ही शेतकऱ्याचा कचरा घेतो, आता धुराड्याचे नाव काढू नका' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. कार्बनचा हिशेब मात्र वेगळा आहे. पऱ्हाटीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिने मागच्या पावसाळ्यात हवेतूनच घेतलेला असतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला होता, तो नव्याने हवेत जातो.

भाव कसा ठरावा? जळणाचा भाव उष्णतेवर ठरतो, म्हणून पाणी आणि माती हे दोन शत्रू. नुकतीच उपटलेली पऱ्हाटी निम्मी पाणीच असते. त्या क्विंटलात जितकी उष्णता, त्याच्या दुप्पट वाळलेल्या क्विंटलात. व्यापारी ओल्याच्या भावात वाळलेली नेतो, हा अनुभव तुम्हाला नवा नाही. ओलाव्याचे मोजमाप काट्यावरच झाले पाहिजे आणि भाव ओलाव्यागणिक लिहिलेला असला पाहिजे. आता एक काल्पनिक हिशेब: समजा केंद्राच्या दारात कोळसा टनाला चार हजार रुपये पडतो आणि पऱ्हाटीची उष्णता तेवढीच आहे. कुट्टी, गोळी, वाहतूक यांचे समजा अडीच हजार गेले. उरले दीड हजार टनाला, म्हणजे आपल्या आठ क्विंटलचे एकरी बाराशे. उपटण्याची मजुरी त्यातून निघते की नाही ते ज्याने त्याने पाहावे. मिश्रणाची सक्ती असल्यामुळे गोळीला नुसत्या उष्णतेपेक्षा वर भाव निघू शकतो, तो वरचा पैसा गोळीवाल्याकडे राहतो की धुऱ्यापर्यंत येतो हा खरा झगडा आहे. गोळी करणारा गट गावाचा स्वतःचा असेल तर येतो.

बोंडअळीचेही सांगून टाकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते कोणी विसरलेले नाही. ती अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या कवडी बोंडांत सुप्त बसते. धुऱ्यावर पऱ्हाट्यांची रास ठेवली म्हणजे पुढच्या हंगामासाठी अळीला घर बांधून दिले. फरदड न ठेवता पऱ्हाटी लवकर निघाली आणि तिची लगेच कुट्टी झाली तर अळी त्यातच संपते. पण अख्खी पऱ्हाटी गोळीच्या कारखान्यात जूनपर्यंत पडून राहिली तर ते घर तिथे बांधले जाईल. म्हणून विकायची तर कुट्टी करून.

सगळीच विकायची का? माझे मत, नाही. आपल्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. पाला तर वावरातच गळतो, ठीक आहे, पण काही भाग कुट्टी करून जमिनीत गेलाच पाहिजे. दोन वर्षे विका, तिसऱ्या वर्षी गाडा, असे काही तरी ठरवा. आणि आणखी एक. पऱ्हाटीच्या मोळ्या कोण नेते? गावातली मजूर बाई. उज्ज्वलाचे सिलिंडर २०१६ पासून आले, पण दुसऱ्यांदा भरायला पैसे नसले की चूल पऱ्हाटीवरच पेटते. आपण ढीगच्या ढीग ट्रकात भरले तर तिची चूल कशावर पेटेल, याचा विचार त्याच बैठकीत व्हावा.

ज्वारीवाले म्हणतील, आमचे काय? ज्वारीचा कडबा जनावरांचा आहे, त्याला मी जळण म्हणणार नाही. पण गोड ज्वारीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली संस्था आहे. तिथे गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम झाले, 'मधुरा' नावाचे वाण निघाले. वर कणीस, खाली उसासारखा गोड ताट. रस आंबवून इथेनॉल, चोथा जनावराला. तिथल्या संशोधकांनी इथेनॉलवर चालणारी चूल आणि कंदीलसुद्धा केले. ऊस वर्षभर पाणी पितो, ही चार महिन्यांत मोकळी. मग पसरली का नाही? हैदराबादजवळ मेडक जिल्ह्यात, इक्रिसॅटच्या मदतीने, २००७ मध्ये गोड ज्वारीवरचा इथेनॉल कारखाना सुरू झाला होता, दिवसाला ४० हजार लिटरचा. तो टिकला नाही. कारण रासायनिक आहे: ताट कापले की चोवीस तासांत गाळले पाहिजे, नाहीतर साखर मोडते. सगळ्यांची ज्वारी एकाच पंधरवड्यात कापणीला येते आणि उरलेले दहा महिने कारखाना रिकामा. शिवाय तेव्हा इथेनॉलचा भाव सरकारने दाबलेला. आज पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल २०२५ मध्ये गाठले गेले, २०१४ मध्ये ते दोन टक्केही नव्हते. गिऱ्हाईक आहे. तरी मी म्हणेन, मोठ्या कारखान्याच्या नादी न लागता गावात रस गाळून त्याची काकवी करून ठेवण्याची सोय आधी बघा. काकवी टिकते, रस टिकत नाही.

दुसरे, पावसात सापडलेली काळी ज्वारी. दाणा काळा पडला तरी आतला स्टार्च बराचसा राहतो. चांगल्या ज्वारीच्या क्विंटलातून ३८ ते ४० लिटर इथेनॉल निघते, काळीतून थोडे कमी. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खराब धान्याला परवानगी दिली आहे. पण सरकारी धोरण कसे फिरते तेही पाहा. ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशाने उसाच्या रसाचे इथेनॉल थांबवले, पुढच्या ऑगस्टमध्ये परत सोडले. त्या भरवशावर कोणी यंत्र घेतले असेल त्याचे व्याज थांबले नव्हते.

पऱ्हाटीचेच इथेनॉल का नाही, हेही विचारतात. होऊ शकते. लाकडात साखरच असते, पण लिग्निनच्या कुलपात. वाफ आणि आम्लाने ते कुलूप सैल करायचे, मग एन्झाइमने साखर सोडवायची, मग आंबवायची. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, जुन्या यूडीसीटीने, ही पद्धत बसवली आणि २०१६ मध्ये काशीपूरला दिवसाला १० टन काडीकचऱ्याचा नमुना प्रकल्प चालू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीचे तंत्रज्ञान घेऊन पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये उभा राहिला. वर्षाला दोन लाख टन धानाचे काड, तीन कोटी लिटर इथेनॉल, खर्च नऊशे कोटींच्या घरात. पऱ्हाटीचे कुलूप काडापेक्षा घट्ट आहे. म्हणून मी सांगतो, आज आपल्या हातात आहे ती कुट्टी आणि गोळी. इथेनॉलची वाट पाहत ढीग पेटवत बसू नका.

एक काम देतो. या हंगामात पऱ्हाटी उपटाल तेव्हा एक गुंठा मोजून घ्या. त्यातली पऱ्हाटी माती झटकून लगेच तोला. पंधरा दिवस उन्हात वाळू द्या, परत तोला. दोन्ही आकडे, वाण, जमीन आणि उपटण्याची मजुरी एका कागदावर लिहा. आपल्या तालुक्याचे पन्नास-साठ कागद जमले की गोळीवाल्याशी बोलताना आकडे त्याचे नसतील. पुढच्या जिल्हा बैठकीला कागद घेऊन या, मी ओलावा मोजायचे यंत्र घेऊन येतो.